माझ्या आवाजातला होकार

माझी आई मला दोन वर्षं शिव्या घालत होती आणि मी त्यावर "तूही काळजी घे गं" म्हणत होते. ज्यांच्यामुळे हे झालं ते लोक अजून जाहिरात करतात, 'आपली माणसं, आपल्याच भाषेत.' ती ओळ दिसली की थोबाड फोडावंसं वाटतं. पण थोबाड कुणाचं? कंपनीला थोबाड नसतं.

मी अक्षता घाडी. गाव निवतळे, तळकोकणात. नोकरी बारा वर्षं लायप्झिगला, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नर्स म्हणून. मला जर्मन येत नाही. जर्मन न येता जर्मनीत नर्स होता येतं हा आमच्या पिढीचा चमत्कार, आणि त्या चमत्काराचं नाव 'मुखर'.

कानामागे चिकटवायची एक चकती आणि कानात बसणारा एक मणी, एवढंच ते यंत्र. माणूस बोलतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूकडून जबड्याच्या आणि घशाच्या स्नायूंना इशारा जातो. शब्द तोंडाबाहेर पडायच्या आत चकती तो इशारा पकडते. तुम्ही फक्त ओठ हलवायचे. आवाज यंत्र काढतं, समोरच्याच्या भाषेत, पण हुबेहूब तुमचा. समोरचा बोलला की त्याच्याच आवाजात तुमच्या कानात तुमची भाषा येते. फोनवर तर काही कळतच नाही, मधे कुणी आहे याचा पत्ता लागत नाही.

घेताना विचारतात, कानात कुठली भाषा हवी? मी मराठी घेतली. मालवणी तेव्हा यादीत नव्हती. काही वर्षांनी आली, तीही 'घरच्यांशी बोलण्यासाठी' या खणात, लोणच्याच्या बरणीसारखी मागे ठेवलेली. मी ती आईसाठी चालू केली आणि स्वतःवर खूश झाले. मी ओठांतल्या ओठांत शाळेतली मराठी बोलायची, आई तिकडे मालवणी ऐकायची. आई मालवणीत बोलायची, मला शुद्ध मराठी ऐकू यायची.

आता बोलणं कसं जातं ते सांगते, कारण लोकांना वाटतं भाषा विसरणं म्हणजे पाटी पुसली जाणं. तसं नसतं. शब्द डोक्यात जागेवरच असतात, त्यांच्यापर्यंत जायची पायवाट बुजते. शब्द आठवताना मेंदूला जो जोर लावावा लागतो, त्या जोरानंच ती वाट मोकळी राहते. मुखर जोर लावूच देत नाही. तुम्ही अडखळायच्या आत ते वाक्य पुरं करतं. समजणं टिकतं, कारण ऐकायला तेवढी मेहनत लागत नाही. बोलणं जातं. आणि गेल्याचं कळत नाही, कारण तुमच्याच आवाजात कुणीतरी फाडफाड बोलत असतं.

मला कळलं ते कानात बुरशी झाली तेव्हा. डॉक्टरांनी मणी काढायला लावला. मण्याशिवाय मी आश्रमात मुकी, म्हणून तिथल्यांनी मला रजेवर पाठवलं. घरी जाऊन येऊ म्हटलं. आईला फोन लावला. आईला व्हिडिओ चालत नाही. "तोंड बघूक व्हया तर घराक ये," असं ती पहिल्याच वर्षी म्हणाली होती.

"आये, मी अक्षता बोलतेय."

"कोण?"

"अक्षता गं."

"अक्षता अशी बोलणा नाय. ती माझ्यावांगडा घरच्यासारखी बोलता. तू कोण? बँकेची काय?"

"आये, माझा कान... कान दुखतो. म्हणून मशीन काढून ठेवलंय. मी येतेय घरी."

मग आई सुटली.

"येतंस? आता येतंस? फटकी येवची तुका! बापाशीन मरताना डोंगर तुझ्या नावार केल्यान, तो तू त्या बाबलाच्या घशात घातलंस. पाठची भित फुटली, बाव आटली, आणि तू फोनार माका म्हणतंस 'बरा झाला'? दोन वर्सा सांगतंय तुका. दगडाक सांगलंय असतंय तर दगडाक पाझर फुटलो असतो!"

मला शब्द न् शब्द समजला. वडिलांनी दिलेला डोंगर. चुलतभाऊ बाबल. घराची मागची भिंत. विहीर. मी तोंड उघडलं. आत सगळं भरून आलं होतं, पण त्याला मालवणीत बाहेर पडायला दारच सापडेना. मी म्हणाले, "नाही गं आये, ऐक ना," आणि ते मलाच बँकेतल्या बाईसारखं वाटलं.

आईनं फोन ठेवला.

गेल्या दोन वर्षांत माझ्या कानात काय येत होतं ते मला आठवत होतं. 'आम्ही मजेत आहोत. बाबलनं डोंगरावर काम काढलंय. पाणी थोडं कमी आहे, पण भागतं.' आणि मी म्हणत होते, "छान झालं, करू दे त्याला."

*

घराच्या मागे डोंगर नव्हता.

म्हणजे अर्धा होता. उरलेला अर्धा वडीसारखा कापून नेला होता. चिरेखाण बघितली नसेल त्यांना सांगते: लाल दगडाचे चौकोनी खड्डे, एकाखाली एक, राक्षसाच्या जिन्यासारखे. रुळांवर चालणारं करवतीचं मशीन किंचाळत असतं. लाल धूळ भातावर बसते, धुतलेल्या कपड्यांवर बसते, माणसाच्या थुंकीतही येते. आमच्या बाजूचा शेवटचा टप्पा तेवढा उरला होता, घरामागच्या परड्याला टेकलेला. तो गेला की मागच्या भिंतीला आधार राहत नव्हता. भिंतीला पडलेल्या भेगेत माझा पंजा मावला.

आई मागच्या पडवीत बसली होती. शेजारची हौसाकाकी तिच्याजवळ कोकमं फोडत होती.

"इली ती जर्मनीण," काकी म्हणाली.

मी खूप सांगायचा प्रयत्न केला. तू म्हणालीस ते मला ऐकूच आलं नाही, मी म्हणाले ते तुला भलतंच ऐकू आलं. मराठीत सांगितलं, मधेमधे मालवणी घालायला गेले तर काकीला हसू फुटलं.

"आवाज तुझोच होतो," आई म्हणाली. "मी माझ्या चेडवाचो आवाज वळखूचंय नाय?"

मग मी पर्समधून मणी काढला, पाटावर ठेवला, आवाज मोठा केला. "आये, फोनवर म्हणायचीस तसं काहीतरी म्हण मला."

"खरा म्हणू?"

"खरंच म्हण."

आईला आग्रह करावा लागत नाही. ती सावरून बसली. "मेले, तुझ्यासारख्या चेडवाक जल्माक घालण्यापरास पाटो जल्माक घातलंय असतंय, तर मसालो तरी वाटून झालो असतो!"

मण्यातून आईचाच आवाज आला, गोड, शाळेतल्या बाईंसारखा: "बाळा, तुझी फार आठवण येते. घरचा मसाला पाठवू का?"

आई मण्याकडे बघत राहिली. "ह्या कोण बोलला?"

"तूच."

"तुझ्या तोंडार माती पडो!" आई मण्यावर ओरडली.

"आपल्या मातीची ओढ काही सुटत नाही गं," मणी म्हणाला.

हौसाकाकी कोकमं टाकून मागे कलंडली. "सुगंधा, गो तू तर कविता करूक लागलंस!" आईलाही हसू आलं. तिनं आणखी दोन सणसणीत घातल्या. एकीचं 'जेवलीस का वेळेवर' झालं, दुसरीचं 'देव तुझं भलं करो'. आम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग आई एकदम थांबली.

"म्हणजे दोन वर्सा माझा बोलणा हेणा गिळल्यान?"

"हो."

"आणि तू 'बरा झाला' म्हणालंस ता?"

"मी 'छान' म्हणाले होते. मला वाटलं बाबल तुला मदत करतोय."

आईनं मणी उचलला, उलटासुलटा बघितला. "हेंका माझी भाषा शिकवल्यानी कोणी, ता म्हायत आसा तुका? आमीच."

काही वर्षांपूर्वी दोन मुली गावात आल्या होत्या. देवळाच्या मंडपात बायकांना बसवून, समोर माइक ठेवून मालवणी बोलायला लावलं. शिरवाळ्या कशा करतात सांगा, गणपतीत काय मजा असते सांगा. "हौसान मधीच बाबलाच्या बापाशीक दोन शिव्यो घातल्यान," आई म्हणाली, "तर त्यातली एक म्हणाली, काकी, असं नको, चांगलं चांगलं बोला."

"मिया म्हटलंय, ह्या चांगलाच आसा," काकी म्हणाली. "तर तिणा माइकच बंद केल्यान."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मागाहून मी खात्रीही करून घेतली. मोठ्या भाषांसाठी यंत्राला वाट्टेल तेवढं बोलणं मिळतं: भांडणं, कोर्टातल्या उलटतपासण्या, रस्त्यावरची शिवीगाळ. मालवणीचं त्याला मिळालं ते एवढंच, मंडपातलं चांगलं चांगलं. यंत्र अर्थ समजत नाही. ते ऐकलेल्याशी जुळवून बघतं. त्याच्या साठ्यात चढ्या आवाजातली मालवणी बाई म्हणजे सणाला खूश झालेली बाई. आई जितकी चिडून ओरडायची, तितका यंत्राला तिचा जिव्हाळा वाढलेला दिसायचा. वर कंपनीनं घरगुती संभाषणावर गोडव्याचा एक हात फिरवलेला, कारण भांडणारी माणसं फोन लवकर ठेवतात आणि वर्गणी बंद करतात.

यंत्राच्या मालवणीला भांडता येत नाही. नाही म्हणता येत नाही. ही भाषा नव्हे, हा पाहुण्यांसमोर घातलेला टेबलक्लॉथ आहे. आणि असल्या भाषेवर डोंगर कापायला माझा होकार घेतला होता.

*

तो कसा घेतला ते बाबलनंच सांगितलं. तो खाणीच्या कडेला ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. लहानपणी मला पाठीवर घेऊन याच डोंगरावर चढायचा.

"मी काय खोटा बोललंय काय गो? मी तुका फोन केलंय. इचारलंय, डोंगराचे चिरे काढतंय, तुझा काय म्हणणा? तू म्हणालंस, 'व्हय व्हय, काढा, बरा होतला.' रेकॉर्ड आसा, तालुक्याच्या कचेरीत."

त्या फोनवर माझ्या कानात आलं होतं, 'डोंगरावरचं काम करून घेतो, तुझं काय मत?' खोटं खरंच कुणी बोललं नव्हतं. बाबल नाही, मी नाही. मधल्यानं दोघांनाही खूश ठेवलं होतं.

"पण मला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हणाले. "घरामागचा टप्पा तरी सोड. भिंत पडेल. आये राहते तिथे."

"काकीक माझ्याकडे नेतंय, म्हटलाच मी तेका. ती येणा नाय, तर मी काय करू?" तो उठला. "आणि तू थय जर्मनीत बसान डोंगर राखतलंस? आधी आपली भाषा धड बोल. मगे सांग डोंगर कोणाचो तो. फाल्या सकाळी मशीन लागतला थय."

उत्तर माझ्याकडे होतं. मराठीत होतं. मराठीत दिलं असतं तर त्याचंच खरं ठरलं असतं. मशीन उद्या सकाळीच लागणार होतं. मी वळले आणि तालुक्याला गेले.

*

कायदा चांगल्या मनानं केलेला होता. न वाचता कागदावर अंगठे घेऊन लोकांना फसवतात, म्हणून खातेदाराचा बोललेला होकार त्याच्या स्वतःच्या भाषेत, आवाजाची खूण पटवून घ्यायचा. मागे घ्यायचा तर त्याच भाषेत, त्याच आवाजात मागे घ्यायचा.

कचेरीतल्या मॅडमनी माझा होकार वाजवून दाखवला. काय बोलत होते मी! खणखणीत, गावच्या बाईसारखी, शब्दाला शब्द लागून. माझा मला हेवा वाटला.

"आवाज तुमचा आहे ना?"

"आवाज माझा आहे. बोलणं माझं नाही."

"म्हणजे?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट बाई नव्हती. "ठीक आहे, मालवणीत सांगा, होकार मागे घेतला म्हणून."

मी माइकसमोर वाकले. "माका... मी जो होकार... मी 'काढा' म्हणूक नाय. माका तसा..." घशात मराठी अडकत होती, मी ती ढकलत होते. पडद्यावर लाल अक्षरं आली: खातेदाराच्या आवाजाशी जुळत नाही.

"अहो, मी इथे जिवंत उभी आहे!"

"मला दिसताय हो तुम्ही. पण सिस्टीम नुसता आवाज बघत नाही. लय, ओघ, शब्दांची जोडणी, सगळं बघते. होकारात बोललेल्या बाईचा ओघ वेगळाय." मग त्यांना सुचलं. "तुम्ही मुखर लावून बोला ना. लगेच जुळेल."

मी चकती चिकटवली, दुखऱ्या कानात मणी कोंबला. ओठ हलवले: माझा होकार रद्द करा. माझी फसवणूक झालीये. एक दगड काढू देणार नाही.

मुखर माझ्या आवाजात, अस्सल मालवणीत म्हणालं, "तशी माझी काय तक्रार नाय. फकस्त जरा सांभाळून करा."

हिरवी अक्षरं आली: जुळले.

मॅडम माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या. "सांभाळून करा... एवढी नोंद घेऊ का?"

मी मणी उपटून काढला. बाहेर येऊन कंपनीच्या मदत-क्रमांकावर ओरडले, गोडवा बंद करा, माझं आहे तसं बोलणं पुढे जाऊ द्या. पलीकडचा आवाज अदबीनं म्हणाला, मालवणीसाठी तो पर्याय सध्या उपलब्ध नाही. आपल्या भावना आम्ही समजू शकतो.

माझ्या भावना! त्यांनी दोन वर्षं आईच्या भावनांचं काय केलं ते मी पाटावर ठेवून ऐकलं होतं.

*

आईला सगळं सांगितलं. तिनं भिंतीच्या भेगेत हात घालून बघितला.

"गाऱ्हाणा घाल," ती म्हणाली.

राखणदार म्हणजे आमच्याकडे जमिनीचा रखवाला. मूर्ती नसते. डोंगराच्या पायथ्याला एक उभा दगड, एवढंच. काही बिघडलं की त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं सांगायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. ते लिहिलेलं नसतं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून ते उचलून धरायचं. उचलून धरलं नाही तर वाक्य तिथेच पडतं, पोचत नाही. ज्या कामाविरुद्ध गाऱ्हाणं घातलं त्याला आमच्याकडचा माणूस सहसा हात लावत नाही. शिकलेला असो की अडाणी.

"तू घाल ना, आये. तुला येतं."

"जमीन तुझी. तोंडय तुझाच व्हया."

"बायका घालतात?"

"आपल्या घरात पुरुष उरलो खय? आणि तेणा काय करूचा होता? उभ्या रवान कान खाजवले असते."

मग संध्याकाळभर तिनं माझ्याकडून घोकून घेतलं. मी गाईसमोर उभी, आई पायरीवर, हौसाकाकी 'व्हय म्हाराजा' म्हणायला.

"बा राखणदारा महाराजा..."

"म्हाराजा! सायबाक अर्ज करतंस काय?"

"म्हाराजा. आज तुझी लेकरं..."

"लेकरा!"

"लेकरा. तुझ्यासमोर... तुझ्याफुडे..."

"गाय पण झोपली बग," काकी म्हणाली.

"मोठ्यान!" आई ओरडली. "राखणदार बहिरो नाय. पण मोठ्यान बोलल्याशिवाय तुझा तुकाच खरा वाटूचा नाय."

मला राग येत होता. आईचा नाही, काकीचा नाही. चाळिशीला आलेली बाई गोठ्यात उभी राहून स्वतःच्या आईची भाषा तोंडी परीक्षेसारखी पाठ करते, याचा.

*

सकाळी वाडीतली माणसं आली. काठी टेकत आलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. आई सगळ्यांच्या दारात जाऊन आली होती. मशीन परड्याच्या कडेला आणून लावलं होतं, करवत थांबलेली, इंजिन नुसतं गुरगुरत होतं. ते चालवणारा मल्लाप्पा विजापूरकडचा, चांगला वयस्क माणूस, कानात मणी. बाबल ताडपत्रीखाली उभा होता. एवढी माणसं बघून तो जवळ आला नाही.

मी दगडासमोर नारळ ठेवला. उभी राहिले. पाठ केलेलं सगळं गेलं.

"बोल," आई पाठीमागून पुटपुटली. "मेले, बोल."

"बा राखणदारा म्हाराजा," मी म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" माझ्या पाठीवर तो आवाज हातासारखा पडला.

"ह्यो डोंगर माझ्या बापाशीन माका दिल्यान. पण... पण डोंगर तुझो."

"व्हय म्हाराजा!"

"बाव आटली. भित फुटली. माझी आवस दोन वर्सा सांगत होती. तिचा कोणी आयकूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

तुटक येत होतं. मधे मोठमोठ्या फटी पडत होत्या. पण त्या फटींत कुणी घुसत नव्हतं, माझं वाक्य माझ्या आधी कुणी पुरं करत नव्हतं. मी शब्द शोधेपर्यंत माणसं थांबत होती. घामाघूम होत मी एकेक शब्द ओढून काढत होते.

"जो कोण ह्या डोंगराक करवत लावता, तेचा वाटोळा कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या.

मल्लाप्पानं टोपी काढली आणि हसून आम्हाला हात जोडले.

मला आधी समजेना. मग समजलं. त्याच्या कानात मणी होता. माझ्या मालवणीचं तिथे काय झालं असेल ते मी न ऐकताही सांगू शकत होते. देव तुमच्या कामाला यश देवो. त्या माणसाचा नाश चिंतला आणि तो आभार मानत होता. पुन्हा एकदा मान लववून, मनापासून.

माझं डोकं फिरलं. पण गाऱ्हाणं मधे सोडता येत नाही. करणाऱ्याच्या मागोमाग, ज्यानं करू दिलं त्याचं नाव यावं लागतं. घोकून घेताना आईनं ते वाक्य टाळलं होतं. कुणाचं नाव आहे ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. यंत्र म्हणालं होतं, मी नव्हे, हे मी मॅडमना सांगितलं होतं, बाबलला सांगितलं होतं. राखणदाराला सांगायची लाज वाटली. बारा वर्षं मी माझं तोंड भाड्यानं दिलं होतं.

"आणि जेणा 'काढा' म्हटल्यान," मी म्हणाले, "ता तोंड माझा. ती जीभ झडांदे, म्हाराजा."

मागून 'व्हय म्हाराजा' आलं नाही.

हौसाकाकीनं पदर तोंडाला लावला. म्हातारे दुसरीकडे बघायला लागले. आईसमोर पोरीच्या नाशाला हो कोण म्हणणार? वाक्य तिथेच लटकत राहिलं. मी मागे वळले. आई माझ्याकडे बघत होती. फोनवर मला कधी दिसला नाही तो चेहरा, रागानं काळा पडलेला.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. एकटीच. हळू.

मल्लाप्पाच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, पण डोळ्यांतलं गेलं. त्यानं आईकडे बघितलं. मग बाबलला विचारलं, "हे काय म्हणतात, साहेब?" त्याचं कन्नड मुखरनं मराठी करून आमच्यापर्यंत पोचवलं, अगदी स्वच्छ.

"तुका आशीर्वाद देतत!" बाबल लांबून ओरडला. "चालू कर तू!"

मल्लाप्पानं कानातला मणी काढला. तळहातावर धरला. मग आमची तोंडं एकेक करून बघितली, सावकाश, अंधुक अक्षरं वाचावी तशी. आईच्या तोंडाशी येऊन त्याची नजर थांबली. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"अरे चालू कर! काय झाला तुका? आयकतंस काय?" बाबल ओरडत होता. मल्लाप्पाला त्यातलं काही कळत नव्हतं, मणी त्याच्या मुठीत होता. तो खाली उतरला, काजूच्या सावलीत गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

बाबल तरातरा मशीनपर्यंत आला. किल्ली तिथेच होती. चालवायला त्यालाही येत होतं. त्याचा हात किल्लीपर्यंत गेला. राखणदाराचा दगड त्याच्यापासून दहा पावलांवर असेल. तो दगड त्याचाही होता, त्याच्या बापाचाही.

आई पुढे झाली. माझ्या समोरून गेली, नारळाच्या बाजूनं गेली, बाबलसमोर उभी राहिली. आता तिचा आवाज नेहमीचा होता, साऱ्या वाडीला ऐकू जाणारा.

"बाबल, सगळ्यांचा झाला. माझाय झाला. तुझा 'व्हय म्हाराजा' रवला. ता म्हण, आणि मगे लाव करवत."

बाबलनं तोंड उघडलं. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.